१ जूनचीं मुलें

आमचा धाकटा पुतण्या बाळ पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहे, हें वाक्य मी गेलीं आठ वर्षें आल्यागेल्याला अभिमानानें सांगत आलों आहें. त्यांतील 'नोकरींत' हा शब्द जरा सैल आहे, हें मला गेल्या माघांत त्याच्या लग्नाची बोलणीं निघालीं तेव्हां कळलें. मुलीच्या वडिलांनीं पत्रिका बाजूस सारली आणि पहिलाच प्रश्न केला, "चिरंजीव कायम आहेत ना?" बाळानें सरळ सांगितलें, "नाहीं, कंत्राटी आहें." पुढें पोहे झाले, चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, पण ज्यासाठीं मंडळी जमली होती ती गोष्ट कांहीं पुनः निघाली नाहीं. परत येतांना गाडींत माझे वडील बंधु एक शब्द बोलले नाहींत, आणि मीहि बोललों नाहीं.

या धंद्यांतील कंत्राट हा प्रकार घरांतील वडील माणसांना समजावून सांगणें कठीण. काम एका कंपनीचें असतें. तें करून देण्याचा ठेका दुसरीनें घेतलेला असतो. आणि दुसरीला माणसें पुरविण्याचा ठेका तिसरीकडे असतो. बाळाच्याच शब्दांत सांगावयाचें तर पगार तिसरीकडून येतो, हुकूम दुसरीकडून येतो आणि बोलणीं पहिलीकडून खावीं लागतात. एकाच कचेरींत एकाच टेबलाशीं बसणाऱ्या दोघांच्या गळ्यांतील ओळखपत्रांच्या पट्ट्यासुद्धां निराळ्या रंगाच्या. कायम नोकराची निळी, ह्याची पिवळी. मुदत सहा महिन्यांची. ती संपली म्हणजे नवें पत्र येईपर्यंत दहापंधरा दिवस घरीं बसावयाचें, आणि तेवढ्या दिवसांत कामाच्या संगणकाचीं सारीं कवाडें त्याला बंद.

या श्रावणांत तो महिनाभर आमच्याकडे चिंचपाड्यास येऊन राहिला. २०२० च्या महामारीपासून घरीं बसून काम करण्याची जी मुभा या लोकांस मिळाली ती थोडीफार अजून टिकून आहे. चिंचपाडा हें नवापूर तालुक्यांतील, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचें लहानसें स्टेशनचें गांव. आमचें घराणें धुळ्याचें. १९७९ सालीं जिल्हा परिषदेचा मास्तर म्हणून मी इकडे आलों तेव्हां हा सारा मुलूखहि धुळें जिल्ह्यांतच मोडत असे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं निराळा झाला. निवृत्तीनंतर येथील पावसाची आणि शांततेची संवय सुटेना, म्हणून येथेंच राहिलों. मोबाइलची रेंज आमच्या घरांत एकाच जागीं येते, ओट्याच्या उजव्या कोपऱ्यांत. तेथें पूर्वीं माझी आरामखुर्ची असे. आतां तेथें बाळ आणि त्याचा लॅपटॉप.

दिवसा तो त्या कोपऱ्यांत बसे, रात्रीं जेवण झाल्यावर पुनः बसे, आणि मधूनच असा कांहीं सुस्कारा टाकी कीं आमच्या सौभाग्यवती आंतून विचारीत, "काय रे, पोटांत दुखतें आहे का?" शेवटीं एके संध्याकाळीं मीं त्याला विचारलेंच कीं, बाबा, तुझें काम तरी काय आहे? नांवें व रकमा कोणास दाखविण्याची मनाई असल्यामुळें त्या त्यानें दाखविल्या नाहींत, आणि तें योग्यच केलें. पण कामाचें स्वरूप समजावून सांगितलें. निरनिराळ्या ठेकेदारांकडील मजुरांची मजुरी काढणारें एक सॉफ्टवेअर आहे. कोण किती दिवस कामावर होता, दर काय, आधीं उचल किती घेतली होती, ती वजा जातां बँकेंत किती जमा करावयाचें, हा सगळा हिशेब तें करतें. तें लिहून बारा वर्षें झालीं. लिहिणारे केव्हांच कंपनी सोडून गेले, आणि जातांना त्यांनीं चार ओळींचें टिपणहि मागें ठेवलें नाहीं. बोनसचा नियम बदलला तर उचलीचा हिशेब चुकतो. कां चुकतो हें कोणालाच ठाऊक नाहीं. म्हणून बोनसच्या नियमाला कोणी हात लावीत नाहीं. एके ठिकाणीं त्या अज्ञात ग्रंथकारानें शेरा मारलेला आहे, 'तात्पुरतें. नंतर नीट करणें.' शेऱ्याखालची तारीख नऊ वर्षांपूर्वींची.

मी मॅट्रिकपुढें कॉलेजची पायरी चढलों नाहीं. पण बालपणीं वडिलांनीं रूपावली, अमरकोश आणि लघुकौमुदी पाठ करून घेतली होती, त्यामुळें सूत्रें आणि त्यांचे गुंते मला अगदींच परके नाहींत. मीं त्यास म्हटलें, "अरे, एका नियमाचा धक्का दुसऱ्याला लागतो ही गोष्ट नवी नव्हे. पाणिनीचीं जवळजवळ चार हजार सूत्रें अशींच एकमेकांत गुंतलेलीं आहेत. पण आठव्या अध्यायाच्या शेवटल्या तीन पादांतील कार्यें त्याआधींच्या नियमांच्या दृष्टीनें घडलींच नाहींत असें धरावें, आणि त्या तीन पादांतसुद्धां पुढचा नियम मागच्याला दिसूं नये, हें त्यानें स्वतःच बजावून ठेवलें आहे. गुंता आहे, पण गुंत्याचा कायदा उघड आहे."

बाळ हंसला. "काका, आमच्याकडेहि तसा कायदा असेल. फक्त तो कोणीं लिहून ठेवला नाहीं. दर वेळीं कांहीं मोडलें म्हणजे त्याचें एक कलम कळतें."

"मग तूं वार्तिकें लिही. कात्यायनानें काय केलें? सूत्रकारानें सांगितलेलें, सांगावयाचें राहिलेलें आणि सांगतांना चुकलेलें, या तिहींचा उघड विचार केला. पतंजलीनें त्यावर महाभाष्य रचलें. पाणिनीचा मान त्यामुळें कमी झाला नाहीं."

"मला वार्तिककाराची जागा दिलेली नाहीं, काका. लेखनिकाची दिली आहे. जें तिकीट येईल तेवढेंच दुरुस्त करावयाचें." (तक्रारीला हे लोक तिकीट म्हणतात. पहिल्या दिवशीं 'आज सात तिकिटें आलीं' हें ऐकून, कोण सात जण येणार आहेत, या विचारानें आमच्या घरीं जादा तांदूळ धुतले गेले होते.)

दुसऱ्या दिवशीं पूजा आटोपून मी ओट्यावर आलों तों बाळानें विचारलें, "काका, एक गोष्ट पुष्कळ दिवस विचारीन म्हणतों. तुमच्या या भागांतलीं सगळीं माणसें १ जूनलाच कां जन्मतात?"

त्याच्या स्वरांत थट्टा होती. पण माझ्या हातांतील पंचपात्र क्षणभर तसेंच राहिलें. कारण त्या प्रश्नाचें उत्तर मी होतों.

जून महिना आला कीं आम्ही मास्तर लोक पाड्यापाड्यांतून पट नोंदवावयास निघत असूं. पावसाला नुकती सुरुवात झालेली, आईबाप शेतांत. मुलाला पुढें करून विचारावें, याचा जन्म कधींचा? आई सांगे, होळीच्या आधींचा. किंवा भाताच्या लावणींतला. किंवा मोठा पूर आला त्याच्या आदल्या सालचा. हीं उत्तरें खोटीं नव्हतीं. त्यांच्या घरांत तेवढ्यानें भागत होतें. पण शाळेच्या जनरल रजिस्टराला होळी आणि लावणी कळत नाहीं. त्याला दिवस, महिना, साल असे तीन आंकडे हवे असतात. शाळा जूनमध्यें सुरू होणार, मुलाला सहा पुरीं झालेलीं पाहिजेत, तेव्हां चालू सालांतून सहा वजा करावे आणि १ जून लिहून मोकळें व्हावें. मीं अशा किती तारखा लिहिल्या याची मोजदाद नाहीं. परंतु एका पानावर वीस नांवें आणि वीसांहि समोर १ जून, असें एक पान माझ्या अक्षरांतलें मला स्पष्ट आठवतें. त्या वेळीं तें पान मला सुबक दिसलें होतें.

नांवांचेंहि तेंच. सोमवारीं जन्मला तो सोमा, मंगळवारचा तो मंगळ्या, बुधवारचा बुध्या. आडनांवें म्हणजे गावित, वसावे, वळवी, पाडवी, नाईक अशीं मोजकीं. एका पाड्यांतील दोन सोमांना ओळखावयास घरच्यांपाशीं दुसरीं नांवें असत. तीं आम्हीं विचारलीं नाहींत. ही रीत एकट्या आमच्या तालुक्याची नव्हे. महाराष्ट्रभर शाळांशाळांतून हेंच झालें, आणि म्हणूनच दर ३१ मे रोजीं सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त होणारांची रांग लागते. पहिल्या तारखेस जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. माझी स्वतःची पत्रिका मात्र वडिलांनीं घटकापळांसह मांडून ठेवलेली. मी ऑक्टोबर २०१७ मध्यें निवृत्त झालों.

हें सारें ऐकल्यावर बाळानें पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेला मला त्याचें दुखणें काढून दाखविलें. त्या सॉफ्टवेअरांत माणूस ओळखण्याची खूण म्हणजे पहिलें नांव, मधल्या नांवाचें एक अक्षर, आडनांव आणि जन्मतारीख. मधल्या नांवाला एकाच अक्षराची जागा, कारण मूळ नमुना परदेशी धर्तीचा. तेथें आद्याक्षरावर काम भागतें. आपल्याकडे मधलें नांव बापाचें, आणि दोन सोमांना वेगळें करणारें तेंच. आतां बापांचीं नांवें 'र' पासून सुरू झालीं, आडनांव एक निघालें, आणि जन्मतारीख मास्तरांनीं ठरविलेली, कीं ते दोघे त्या सॉफ्टवेअरच्या लेखीं एकच. दुसऱ्याची ओळ 'दुबार' म्हणून बाजूला पडते आणि त्याची मजुरी अडकून राहते.

मी उसळून म्हणालों, "नांवावर भिस्त ठेवावी कोणीं? आमच्या जनरल रजिस्टरांतसुद्धां प्रत्येक मुलाला अनुक्रमांक असतो, आणि एकाचा क्रमांक दुसऱ्याला कधीं देत नाहींत!"

"तेंच तर," बाळ म्हणाला. "१९७० सालीं एडगर कॉड नांवाच्या आय.बी.एम. मधील शास्त्रज्ञानें माहितीचे तक्ते कसे रचावे यावर निबंध लिहिला. प्रत्येक ओळीची एकमेव अशी खूण असावी, हें त्यांत आहे. आमच्या ग्रंथकारानें खूण ठरविली, पण ती एकमेव आहे कीं नाहीं हें पाहिलें नाहीं. तुमचें रजिस्टर त्याच्याहून शहाणें होतें." आणि माझा चेहरा पाहून त्यानें पुस्ती जोडली, "तारखेचा रकाना सोडून."

माझी समजूत घालण्यासाठींच बहुधा, त्यानें मग १९९९ सालची हकीकत सांगितली. जुन्या संगणकांत जागा महाग. ऐंशी रकान्यांच्या पत्र्यासारख्या कार्डांवर माहिती टोंचावयाची. म्हणून सालाचे चारांऐवजीं दोनच आंकडे लिहिण्याची वहिवाट पडली. २००० सालीं तेच दोन आंकडे शून्य होणार आणि संगणक तें १९०० समजणार, या भीतीनें जगभर धांवपळ उडाली, आणि तें निस्तरण्याच्या कामावर आपल्याकडील हजारों तरुण लागले. तीन दशकांपूर्वींच्या परक्या कोडमध्यें ओळ न् ओळ तपासून ते आंकडे शोधावयाचे. "तुमच्यासारखे मास्तर तिकडेहि होते, काका," तो म्हणाला. "जागा नव्हती म्हणून त्यांनीं दोन आंकडे गाळले. तुम्हांला तारीख मिळेना म्हणून तुम्हीं एक घातली."

तें ऐकून बरें वाटलें असें म्हणवत नाहीं.

हा दोष बाळानें दोन वर्षांपूर्वींच हुडकला होता. प्रत्येक मजुरास स्वतंत्र क्रमांक द्यावा, जुन्या नोंदी बँकेच्या खात्यांवरून ताडून घ्याव्या, अशी योजना त्यानें चार पानें लिहून पाठविली. उत्तर दोन ओळींचें आलें: सूचना चांगली आहे, परंतु कंत्राटाच्या कक्षेबाहेरची आहे. ती नांव-तारखेची खूण चाळीसांहून अधिक तक्त्यांत रुजलेली. ती उपटावयास तीन महिने लागणार. आणि त्या तीन महिन्यांचे पैसे कोणीं द्यावयाचे हें त्या तीन कंपन्यांत ठरेना. मेल्विन कॉन्वे नांवाच्या संगणकतज्ज्ञाचा १९६८ सालचा एक सिद्धान्त बाळानें मला सांगितला: जी संस्था एखादी योजना रचते, तिच्या आंतील दळणवळणाचाच सांचा त्या योजनेंत उमटतो. तीन घरचे पाहुणे आणि यजमान कोण तें कोणालाच माहीत नाहीं, अशा लग्नांतला स्वयंपाक मीं पाहिलेला असल्यामुळें मला तो सिद्धान्त लगेच पटला.

तेव्हांपासून दर महिन्याच्या २८ तारखेस रात्रीं बाळ त्या दुबार ठरलेल्या ओळी काढतो, खातें क्रमांक एकेक पाहतो आणि त्या हातानें सोडवितो. हें काम कोणत्याच कागदावर नाहीं. त्याचा मेहनताना नाहीं, आणि तें तो करतो हें वरच्यांना ठाऊकहि नसावें. मजुरी वेळेवर जाते, तेव्हां सॉफ्टवेअर ठीक चाललें आहे असा अहवाल जातो.

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस त्याची मुदत संपली. नवें पत्र यावयास सोळा दिवस लागले. तेवढ्या अवधींत मजुरीचा दिवस येऊन गेला आणि ४१ माणसांच्या ओळी बाजूला पडल्या. पुढें होळी होती. आमच्या या भागांत होळी म्हणजे दिवाळीहून मोठा सण. गुजराथेंत ऊसतोडीला आणि बांधकामावर गेलेलीं माणसें होळीसाठीं कोठूनहि घरीं परततात, आणि परततांना हातांत पैसा असावा म्हणून तर महिनेंमहिने बाहेर राबलेलीं असतात. त्यांतलीं कोणतीं माणसें कोणत्या गांवचीं हें बाळाला सांगतां येत नव्हतें, मीहि विचारलें नाहीं. पैसे त्यांना मिळाले, पण होळी होऊन गेल्यावर. मागाहून चौकशी झाली. अहवालांत कारण लिहिलें 'मानवी चूक', आणि मानव म्हणून बाळाचें नांव.

मला संताप आला. जुने लेखनिक पोथी उतरून झाली म्हणजे शेवटीं लिहून ठेवीत कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष आमच्याकडे देऊं नये. मीं म्हटलें, "निदान एवढें तरी लिहून दे त्यांना!" बाळ म्हणाला, "लिहून काय होणार? यंत्राचा शब्द खरा आणि माणसाचा खोटा, असें लोक धरूनच चालतात." आणि त्यानें इंग्लंडमधील टपालखात्याची हकीकत सांगितली. तेथें १९९९ पासून टपाल कचेऱ्यांत होरायझन नांवाचें हिशेबाचें सॉफ्टवेअर आलें. त्यांत तूट दिसे. ती तूट कचेरी चालविणाऱ्यानें खाल्ली असें धरून २०१५ पर्यंत ९०० हून अधिक माणसांना शिक्षा झाल्या, कित्येक तुरुंगांत गेलीं. त्या सॉफ्टवेअरांतच दोष होते हें लंडनच्या उच्च न्यायालयानें २०१९ सालीं मान्य केलें, आणि त्या शिक्षा रद्द करणारा कायदा व्हावयास २०२४ उजाडलें. ऐकतां ऐकतां आमच्या सौभाग्यवती दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि ज्यांना तो दोष आधींच दिसत होता, ते काय करीत होते?" बाळ कांहीं बोलला नाहीं. लॅपटॉपचें झांकण मात्र त्यानें हळूच लावलें.

त्याच आठवड्यांत माझा एक जुना विद्यार्थी एक कागद घेऊन आला. पंचेचाळिशीचा असेल. त्याचें प्रकरण निराळें, कचेरी निराळी, सॉफ्टवेअरहि निराळेंच असणार; पण दुखणें ओळखीचें होतें. त्याच्या नांवाचा आणि जन्मतारखेचा मनुष्य आधींच नोंदलेला आहे, सबब अर्ज नामंजूर. मी त्याच्याबरोबर शाळेंत गेलों. हल्लींच्या मुख्याध्यापकांनीं जुनें रजिस्टर काढून दिलें. अक्षर माझें. ओळ त्याची, आणि तीन ओळी खालीं त्याच्या नांवाचा दुसरा. दोघांसमोर १ जून.

दुरुस्तीसाठीं वरिष्ठांकडे अर्ज लागतो, आणि अर्जासोबत जन्माचा पुरावा. पुरावा असता तर मीं ती तारीख लिहिलीच नसती. त्याला मीं तेथेंच सांगितलें कीं, ही तारीख तुझी नव्हे, माझी आहे. तो थोडा वेळ रजिस्टराकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "असूं द्या, गुरुजी. पोरें दर १ जूनला केक आणतात घरीं. आतां त्यांना काय सांगूं?" आम्हीं अर्ज लिहिला. त्यांत ती तारीख अंदाजानें लिहिली गेल्याचें माझें सहीचें निवेदन जोडलें. त्याचा उपयोग होईल कीं नाहीं हें कळावयास अजून अवकाश आहे.

ही गोष्ट मीं घरीं येऊन सांगितली त्या रात्रीं बाळ बराच उशीरपर्यंत ओट्यावर बसला होता. पाऊस थांबलेला, नवापूरकडून मालगाडी जात होती. त्यानें मला हांक मारली. त्या 'तात्पुरतें, नंतर नीट करणें' या शेऱ्याखालीं तो एक टिपण लिहीत होता. कोडला हात लावण्याचा अधिकार नसला तरी शेऱ्याला मनाई नव्हती. पुढें जो कोणी त्याच्या जागीं येईल त्याच्यासाठीं तें टिपण: दर २८ तारखेस काय पाहावें, कोठें पाहावें, आणि दुबार दिसणारीं माणसें दुबार कां नाहींत. इंग्रजींत होतें, त्यानें मला वाचून अर्थ सांगितला. '१ जून ही पुष्कळ वेळां खरी जन्मतारीख नसते, शाळेंत नांव घालतांना लिहिलेली असते,' असें त्यांत एक वाक्य होतें.

मीं विचारलें, "कोणीं लिहिलेली?"

"तें कशाला हवें, काका?"

"घाल," मीं म्हटलें.

त्यानें तीन शब्द वाढविले, 'शिक्षकानें, अंदाजानें लिहिलेली', आणि टिपण पुरें करून पाठवून दिलें. दुसऱ्या दिवशींच्या गाडीनें तो पुण्यास जावयास निघाला. या सप्टेंबरच्या मध्यास त्याची मुदत संपते. नवें पत्र अजून आलेलें नाहीं.